नाशकात सायकल चालवतं कोण?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच मेसेज तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तर ज्यांनी मला लहानपणी डबल सीट शाळेत सोडलं त्या काकांनीच पाठवला, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेजचा सारांश असा: सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत आहेत, त्यातली एक फूटही जागा सायकल ट्रॅकला देऊ नका. नाशिक म्हणजे ॲमस्टरडॅम नव्हे. इथे सायकल चालवतं कोण? रस्ते अरुंद, वर ऊन-पाऊस, दुकानदारांचं नुकसान, सायकलवाला रोड टॅक्सही भरत नाही. आणि स्मार्ट रोडवरच्या सायकल ट्रॅकचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

‘चालवतं कोण?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला सायकलवाला म्हणजे रविवारी हेल्मेट घालून गंगापूर धरणापर्यंत जाणारा आणि येताना मिसळ हाणणारा एवढाच ठाऊक असतो. त्यांचं मला कौतुकच आहे. 2015 साली नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलवर पार केली, तेव्हा शहराची मान उंचावली होती. पण खरे सायकलवाले बघायचे तर पहिल्या पाळीच्या आधी, सकाळी साडेसहाच्या सुमारास, सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यांच्या रस्त्यावर उभं राहा. हँडलला डब्याची पिशवी. कॅरिअरच्या स्प्रिंगखाली दुमडलेला रेनकोट. पँट चेनमध्ये जाऊ नये म्हणून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा. एकाच्या मागच्या मडगार्डवर रिफ्लेक्टरच्या जागी जुनी सीडी तारेने बांधलेली होती, आणि ती लांबून छान चमकत होती. मागून ट्रकचा हॉर्न आला की ही मंडळी निमूटपणे डांबर सोडून मातीत उतरतात आणि ट्रक गेला की परत वर येतात. ही माणसं आपल्या ग्रुपवर नाहीत, म्हणून शहरातही नाहीत असं आपण धरून चाललोय. 2011 च्या जनगणनेत लोक कामाला कसे जातात हे विचारलं गेलं. शेती सोडून इतर कामं करणाऱ्यांत देशभरात सुमारे 13 टक्के सायकलने जाणारे निघाले, स्कूटर-मोटारसायकलवाल्यांच्या जवळपास बरोबरीने.

आणि जे चालवत नाहीत ते का चालवत नाहीत? माझ्या लेकीची शाळा दीड किलोमीटरवर आहे. तिच्याकडे सायकल आहे, ती पार्किंगमध्ये गोल गोल फिरते. गेटबाहेर मीच जाऊ देत नाही. मग रोज मी तिला स्कूटरवर सोडतो, म्हणजे शाळेसमोरच्या गर्दीत एक गाडी माझीही असते. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला लोक चारचाकीतून जातात, त्याला हसणाऱ्यांत मीही असतो. पण माझी गोष्ट फार वेगळी नाही.

आता रस्त्यांची रुंदी. या मुद्द्यावर मेसेजवाले दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतात. भद्रकाली, सराफ बाजार, रविवार कारंजा या गावठाणातल्या गल्ल्यांत वेगळा ट्रॅक होणार नाही, आणि कुणी शहाणा तो मागतही नाही. तिथे सायकलवाल्याला वेगळी जागा नको असते, मागच्या गाडीचा वेग कमी हवा असतो. ताशी 30 च्या आतल्या गाडीने धडक दिली तर माणूस बहुतेक वेळा वाचतो. 50 ला ती शक्यता झपाट्याने घसरते. वेग कमी ठेवायला पाट्या लावून भागत नाही. चौकाचा कोपरा टोकदार ठेवला की गाडीला वळताना ब्रेक मारावाच लागतो. कोपरा गोल आणि ऐसपैस केला की ती तशीच सुसाट वळते. शाळेपाशी झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला उचलून घेतलं की गतिरोधक आणि क्रॉसिंग एकाच कामात होतं. यातल्या कशालाही इंचभर जास्तीची जागा लागत नाही.

वेगळा ट्रॅक लागतो तो गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, अंबड लिंक रोड अशा ठिकाणी. एकेरी सायकल ट्रॅकला साधारण 2 मीटर पुरतात. साधी हॅचबॅक पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते, दार उघडायची जागा धरली की 2 मीटर केव्हाच ओलांडले जातात. म्हणजे जी जागा ‘नाहीच’ म्हणतात, ती दोन्ही बाजूंना उभ्या गाड्यांखाली आहे, आणि बहुतेक ठिकाणी फुकट आहे. गंगापूर रोडची तर गंमतच. रस्ता रुंद होत गेला आणि कडेची जुनी झाडं डांबराच्या आत आली. रात्री त्यांच्यावर गाड्या आदळतात, मग झाडं तोडा अशी ओरड होते. त्या झाडांच्या पलीकडच्या पट्ट्यातून गाडी सरळ वेगात जाऊच शकत नाही. झाडांचीच रांग दुभाजक मानली तर सावलीसकट सायकलची वाट तयार आहे. उन्हाच्या मुद्द्याचं उत्तरही यातच आलं. पावसाचं म्हणाल तर स्कूटरला कुठे छप्पर असतं?

दुकानदारांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, धंदा त्यांचा आहे. पण मेनरोडला जाऊन एकदा बघा, दुकानासमोर सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत हलत नाही ती गाडी कुणाची असते. बऱ्याचदा शेठची, नाहीतर काउंटरवरच्या पोरांची. एका चारचाकीच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात लागतात.

रोड टॅक्सचा मुद्दा सगळ्यांना पटतो आणि सगळ्यात पोकळ तोच आहे. गाडीवरचा कर जातो राज्य सरकारकडे. गल्लीतला रस्ता महापालिका करते, घरपट्टीतून आणि मिळणाऱ्या अनुदानातून. सातपूरच्या चाळीत राहणारा कामगार भाड्यातून ती घरपट्टी भरतोच, सायकल घेताना जीएसटीही भरतो. शिवाय रस्त्याची झीज चाकावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, हा रस्ते बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. दुप्पट वजनाला सोळापट झीज. या हिशेबाने सायकलवाल्याकडून वसुली करायची तर आणा काय, पैशातही मोजता येणार नाही.

स्मार्ट रोडबद्दल मात्र मेसेज बरोबर आहे. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका, जेमतेम 1.1 किलोमीटर. एवढ्याशा तुकड्यावर सायकलची वाट काढली तर तिच्यावर कुणी कुठून यायचं आणि उतरून कुठे जायचं? सायकलवाला अशोक स्तंभाला आकाशातून पडत नाही. मोकळी वाट दिसली की तिथे मोटारसायकल घुसते, गाडी लागते, हातगाडी उभी राहते. भाड्याच्या सायकलीही अशाच आल्या आणि गेल्या. सायकली ठेवल्या, त्या चालवायला रस्ता ठेवला नाही. यावरून ‘ट्रॅक नको’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे एका खोलीला नळ बसवला, पाइप जोडलाच नाही, आणि मग या घरात पाणी लागतच नाही म्हणायचं.

राहता राहिलं ॲमस्टरडॅम. तेही कुणी सायकलवर जन्माला घातलेलं नाही. साठच्या दशकात तिथले चौक गाड्यांनी भरले होते, रस्ते रुंद करायला जुने वाडे पाडायच्या योजना निघत होत्या. 1971 साली नेदरलँड्ससारख्या छोट्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांवर माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर लहान मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘पोरांचे खून थांबवा’ म्हणाले. पाठोपाठ 1973 चं तेलसंकट आलं. तेव्हा कुठे धोरण बदलायला लागलं, आणि त्यालाही पुढे कैक वर्षं गेली.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘तुला डबल सीट न्यायचो तेव्हा कुठे ट्रॅक होता रे?’ नव्हता. पण काका, तेव्हा आपल्यामागे हॉर्न वाजवणारी गाडी दिवसातून एखादीच यायची, आणि तीही ओळखीच्या डॉक्टरांची असायची.