‘पेशंटला काही सांगू नका’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. ‘कॅन्सर पेशंटच्या नातेवाइकांनी पाळायच्या पाच गोष्टी.’ थोडक्यात असं : पेशंटला आजाराचं नाव कळू देऊ नका, तो खचतो. डॉक्टरांना प्रश्न विचारू नका, ते चिडतात. बारीकसारीक त्रास सांगू नका, केमो थांबवतात. घरगुती औषध चालू असेल तर त्याची वाच्यता नको. आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका, पहिला दुखावतो.

पाठवणाऱ्यांत माझी सख्खी मावशीही आहे. तिच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण आईच्या आजारपणात यातल्या पहिल्या चार गोष्टी आम्ही इमानेइतबारे पाळल्या होत्या, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, नाव लपवण्याची. आईला स्तनाचा कॅन्सर होता. आम्ही ‘साधी गाठ आहे’ म्हणालो आणि भावाने डॉक्टरांना ओपीडीच्या दारातच गाठून ‘आईसमोर काही बोलू नका हं’ असं बजावून ठेवलं. आठवड्याभरात रक्ततपासणीच्या रांगेत डोक्याला स्कार्फ बांधलेल्या एका बाईंनी तिला सहज विचारलं, ‘तुमची कितवी केमो?’ त्यानंतर पुढचे आठ दिवस आई आमच्याशी हसून बोलत होती. एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता म्हणाली, ‘मला माहीत आहे. तुम्हाला जड जाईल म्हणून बोलले नाही.’ ती खचू नये म्हणून आम्ही लपवलं आणि ते आठ दिवस ती एकटीच सोसत राहिली.

डॉक्टरही एके काळी असंच वागत. १९६१ साली अमेरिकेत शिकागोच्या एका रुग्णालयात २१९ डॉक्टरांना विचारलं, तर जवळजवळ ९० टक्के म्हणाले की कॅन्सरचं निदान पेशंटला न सांगणंच आम्ही पसंत करतो. १९७९ साली अमेरिकेतल्याच रॉचेस्टरच्या एका रुग्णालयात तेच प्रश्न विचारले, तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूने होते. मधल्या अठरा वर्षांत उपचार वाढले होते, आणि नाव न सांगता कुणाला महिनोन्‌महिने केमो देता येत नाही. आपल्याकडे तर कायदाही स्पष्ट आहे. समीरा कोहली खटल्यात पेशंट भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. आजार कॅन्सर नव्हता, पण २००८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सज्ञान पेशंटची संमती तिची तिनेच द्यायची, आईची चालणार नाही. कशावर सही करतोय हेच माहीत नसेल तर त्या सहीला अर्थ काय?

काहींना खरंच सगळं ऐकायचं नसतं, हे मला मान्य आहे. अशा वेळी आधी त्यांनाच विचारावं : ‘सगळं तुम्ही ऐकणार, की डॉक्टरांनी मुलाशी बोलावं?’ ते ठरवायचा हक्क त्यांचा.

प्रश्न विचारले की डॉक्टर चिडतात म्हणे. गर्दीच्या ओपीडीत त्यांना वेळ कमी असतो, हे खरं. म्हणून प्रश्न घरून लिहून न्यावेत, तीनच, महत्त्वाचा सगळ्यात वर. आम्ही शेवटी विचारायचं ठरवलं, तेव्हा वहीतले पहिले तीन असे होते : हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी? कोणता त्रास झाला तर वाट बघत थांबायचं नाही? रात्री फोन कुणाला करायचा? डॉक्टरांनी वही स्वतःकडे ओढली आणि नंबर स्वतःच्या हाताने लिहून दिला.

तिसरी गोष्ट मात्र या मेसेजमधली सगळ्यात घातक. आईला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू होतं. तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या आणि ‘केमो थांबवतील’ या भीतीने ती गप्प होती. एकदा तपासताना डॉक्टरांनी विचारलं, ‘ब्लाऊजची हुकं लावता येतात का?’ आई माझ्याकडे बघू लागली. दोन आठवडे ती हुकं मीच लावत होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. या औषधाने नसांना इजा होते आणि डोस वेळीच कमी केला नाही तर बधीरपणा कायमचा राहू शकतो. डॉक्टरांनी डोस कमी केला, केमो थांबवली नाही.

सांगण्याने काय होतं याचा पुरावाही आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये कॅन्सर पसरलेल्या ७६६ पेशंटवर अभ्यास झाला. एका गटाने संगणकावर नियमित आपला त्रास नोंदवायचा, जास्त झाला की नर्सला लगेच निरोप जायचा. २०१७ साली निकाल आला. निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जगले तो आकडा नोंदवणाऱ्यांत ३१.२ महिने, नेहमीची देखभाल मिळालेल्यांत २६. नवं औषध नव्हतं, फक्त त्रास वेळेवर कळत होता.

आणि तापाबद्दल तर हात जोडून सांगते. केमोनंतर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घसरतात. ताप १००.४ फॅरेनहाइटला पोचला की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा. गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही.

काढ्याचं सांगते. आमच्याकडे गुळवेल चालू होती. मध्येच लिव्हरचा रिपोर्ट वाढला, केमो आठवडाभर पुढे गेली, सोनोग्राफी झाली. कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला की काय, ही शंका डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसत होती. तेव्हा कुठे भावाने तोंड उघडलं. काढ्यानेच झालं असं मी म्हणत नाही. पण गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा जणांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली आहे. आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती, हेही खरं. पॅक्लिटॅक्सेल शरीराबाहेर टाकायचं काम यकृतच करतं. मग काय काय पोटात जातंय हे औषध देणाऱ्यालाच माहीत नको?

राहिला दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला. त्यासाठी लागणारं उपचारांचं रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यावं, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतच आहे. आम्ही भीत भीत विषय काढला, तर आईच्या डॉक्टरांनी बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाईड, म्हणजे गाठीच्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने, मिळावेत म्हणून पॅथॉलॉजीला स्वतःच चिठ्ठी लिहून दिली. नव्या डॉक्टरांसमोर भाऊ सवयीने बोलायला लागला. आईने त्याच्या हातावर हात ठेवला, वही उघडली आणि वाचू लागली : ‘डाव्या हाताची दोन बोटं अजून बधीर आहेत. उजवी बरी आहेत.’