वीज पडलेल्या माणसाला हात लावा, आणि लगेच लावा

सोयाबीनची काढणी सुरू झाली आणि परतीचा पाऊस गडगडायला लागला की एक मेसेज दरवर्षी फिरायला लागतो. ‘विजेपासून बचाव, शास्त्रज्ञांचा इशारा, कृपया सर्वांना पाठवा.’ कोण शास्त्रज्ञ, कुठले, याचा पत्ता नाही. आजवर मी तो वाचून सोडून देत होतो. यंदा तो लातूर जिल्ह्यातल्या माझ्या मामांनी शेतावरच्या मजुरांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘सगळ्यांनी लक्षात ठेवा.’ मामांच्या शब्दाला शिवारात किंमत आहे. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य आधी घेतो. ‘वीज पडलेल्या माणसाला हात लावू नका, अंगात करंट असतो. त्याला गळ्यापर्यंत मातीत किंवा शेणात पुरा, म्हणजे करंट उतरेल.’

या वाक्याने माणसं मरतात. वीज शरीरातून सेकंदाच्या अगदी लहान भागात जमिनीत निघून जाते, अंगात काही उरत नाही. ही भीती कुठून आली ते कळतं. मोटारीच्या उघड्या वायरला चिकटलेल्या माणसाला मेन स्विच पाडल्याशिवाय शिवायचं नाही, हे शेतावर पोरासोरांनाही ठाऊक असतं, आणि ते बरोबरच आहे. पण तिथे पुरवठा चालू असतो. आभाळातल्या विजेमागे तसा चालू पुरवठा नसतो.

आता त्या माणसाच्या छातीत काय चाललेलं असतं ते बघा. धक्क्याने हृदय एकदम थांबतं. त्याला स्वतःची लय असते, म्हणून बऱ्याचदा ते आपलं आपण पुन्हा सुरूही होतं. पण श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्र बधिर झालेलं असतं आणि त्याला सावरायला जास्त वेळ लागतो. तेवढ्या मिनिटांत कुणी श्वास दिला नाही, तर सुरू झालेलं हृदय प्राणवायूअभावी दुसऱ्यांदा थांबतं. म्हणजे माणूस वाचण्याच्या काठावर असतो आणि भोवतालचे लोक खड्डा खणत असतात. मातीत दाबलेली छाती फुलणार तरी कशी?

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या उपचारसूचना याबाबत स्पष्ट आहेत. एरवी मोठ्या अपघातात नाडी आणि श्वास थांबलेल्यांना मागे ठेवून बाकीच्यांकडे आधी धावतात. वीज पडून अनेक जण एकदम कोसळले तर क्रम उलटा होतो. मेल्यासारखा दिसतो त्याच्याकडे आधी जायचं, कारण कण्हणारे, हलणारे बहुतेक जण जगतात. हाक मारा, श्वास बघा. श्वास नसेल तर एकाने १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल दाबायचं. येत असेल तर दर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यायचे. वर अजून कडकडाट चालू असेल तर त्याला उचलून आत न्या आणि तिथे हे करा.

‘उघड्यावर असाल तर मोठ्या झाडाखाली रबरी चप्पल घालून थांबा.’ मामांच्या बांधावर जुनी चिंच आहे. दुपारी तिच्याच सावलीत जेवणं होतात आणि आभाळ भरून आलं की कोयते टाकून सगळे तिकडेच पळतात. वीज थेट अंगावर पडून दगावणारे थोडे असतात. झाडावर पडलेली वीज खोडावरून बाजूच्या माणसावर उडी मारते, नाहीतर जमिनीतून पसरते आणि एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असतं, म्हणून झाडाखाली बांधलेली जनावरं एकदम आडवी होतात. कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला बोटभर रबराची काय तमा! चारचाकीत माणूस वाचतो तो पत्र्याच्या बंद खोक्यामुळे, टायरमुळे नाही. देशात २०२२ साली विजेने २,८८७ माणसं गेली, ही एनसीआरबीची, म्हणजे देशाच्या गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे.

‘पायाळू माणसावर वीज हमखास पडते, त्याला इतरांपासून दूर उभं करा.’ याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ढगातून खाली उतरणारी वीज शेवटच्या पन्नासेक मीटरमध्ये जवळचं, उंच, टोकदार काय आहे तिकडे वळते. कोण आईच्या पोटातून पायाकडून आलं, याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. मामांची धाकटी सून पायाळू आहे. हा मेसेज खरा मानून तिला उघड्या रानात एकटीला उभं केलं, तर तिथे सगळ्यात उंच तीच असेल.

‘एकदा पडली तिथे पुन्हा पडत नाही.’ न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर दर वर्षी वीसेक वेळा पडते. पुढे जाऊ.

‘मोबाईल वीज खेचतो, बंद करा.’ खेचत नाही. त्याच्या लहरींनी विजेला वाट मिळत नाही. अर्धं खरं म्हणायचं तर एवढंच, की २००६ साली लंडनच्या तीन डॉक्टरांनी फोनवर बोलताना वीज पडलेल्या एका मुलीबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. कानाला धातू टेकलेला असेल तर आतली इजा वाढू शकते, हा त्यांचा मुद्दा होता. वायरचा जुना लँडलाइन फोन मात्र गडगडाटात खरंच धोक्याचा.

मोबाईल बंद केला तर १०८ ला फोन कशावरून लावणार? आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप कसं चालणार? आसपास वीज पडत असेल तर ते सावध करतं. मामांच्या फोनवर मी ते टाकून दिलंय. गडगडाट ऐकू आला की ॲपचीही वाट न बघता सगळ्यांना पक्क्या घरात घ्या आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास बाहेर सोडू नका, असं त्याच ग्रुपवर लिहिलंय. जुना मेसेज मामांनी काढून टाकला आहे.