‘कमी किलोमीटर म्हणजे सोनं’ या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या आतेभावाने एक मेसेज पुढे ढकलला. त्याच्याकडे जुनी, दोन सीटची, जेमतेम वापरलेली स्पोर्ट्स कार आहे आणि ती विकायचं त्याच्या मनात घोळतंय. हा मेसेज मी आधीही दोन-तीन ग्रुपवर पाहिला होता आणि सोडून दिला होता. या खेपेला सोडवला नाही, कारण खाली त्याने लिहिलं होतं: ‘नव्या टायरची ऑर्डर रद्द केली. थोडक्यात वाचलो.’

मेसेजचं म्हणणं असं. संग्राह्य स्पोर्ट्स कारची किंमत मीटर ठरवतो. सरासरीपेक्षा दर हजार किलोमीटर कमी धावली की किंमत दोन टक्के वर. गाडीला हात लावू नका, टायर आणि बेल्टसुद्धा कंपनीतून आलेले तेच राहू द्या, ‘ओरिजिनल’ला दुप्पट भाव येतो. इंटरनेटवर तशीच गाडी शोधा. सगळ्यात महाग जाहिरातीत जो आकडा, तीच तुमच्या गाडीची किंमत. मर्यादित संख्येने निघालेली गाडी दर दहा वर्षांनी दुप्पट होते. आणि कागद नसले तरी बिघडत नाही, मीटर खोटं बोलत नाही.

टायरचं आधी बोलतो. बाकीच्या मुद्द्यांवर विश्वास ठेवला तर फार तर पैसे जातील.

रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. गाडी झाकून ठेवली तरी हवेतल्या ऑक्सिजनने रबर आतून कडक होत जातं. वरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि पकड मात्र गेलेली असते. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. टायर बनवणारी मिशलिन कंपनीच सांगते की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की चांगला दिसत असला तरी बदला. अनेक गाडी-कंपन्यांची मुदत याहूनही कमी आहे.

आणि हे कुठल्या साध्या गाडीचं नाही, नेमकं अशाच गाड्यांचं दुखणं आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या गाडीत गेला ती २००५ ची पोर्शे कॅरेरा जीटी होती. जगात अशा १,२७० च गाड्या निघाल्या. तपासाचा निष्कर्ष असा की मुख्य कारण वेग. ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान. पण त्याच तपासात हेही नोंदवलं गेलं की टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीच्या नियंत्रणावर परिणाम झालेला असू शकतो. यांत्रिक बिघाड सापडला नाही. कमी चालवली जाणारी, मोलाची, ताकदवान गाडी आणि तिच्याखाली म्हातारं रबर. हा मेसेज लोकांना हीच जोडी जपून ठेवायला सांगतोय. वर त्याला शहाणपण म्हणतोय.

मूळ टायरचं प्रेम असेलच तर जाणकार करतात ते करा. ते काढून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा, विकताना गाडीसोबत द्या आणि गाडी नव्या टायरवर उभी करा.

बेल्टची गोष्ट वेगळी नाही, तिथे फक्त जीवाऐवजी इंजिन जातं. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा) बदलायला इंजिन गाडीतून खाली उतरवावं लागतं. हा खर्च टाळायचा मोह मला समजतो. पण बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, आणि मग जे बिल येतं त्यापुढे आधीचं किरकोळ वाटतं. फेरारीच्याच एफ४० मध्ये पेट्रोल रबरी पिशव्यांसारख्या टाक्यांत असतं. त्यांनाही वयाची मुदत आहे, गाडी एक मैल चालली असो की पन्नास हजार. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं, सील वाळतात, पेट्रोल नासतं. खरेदीदार मुरलेला असेल तर त्याचा पहिला प्रश्न ‘मीटर किती?’ हा नसतोच. ‘बेल्ट शेवटचा कधी बदलला, बिल दाखवा’ हा असतो. बिल नसेल तर तो मनातल्या मनात सगळा खर्च मांडतो आणि किमतीतून वजा करतो. वर गृहीत न धरलेल्या बिघाडांसाठी थोडी जास्तच वजाबाकी.

‘ओरिजिनल’ला भाव येतो हे अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. कंपनीचा मूळ रंग, मूळ पत्रा, मूळ कातडं, चासीशी जुळणारा इंजिन नंबर: या गोष्टी एकदा गेल्या की परत येत नाहीत, म्हणून त्यांना पैसे मिळतात. झिजण्यासाठीच बनवलेल्या वस्तूंना तो न्याय लावायचा म्हणजे कमाल झाली.

आता ते दोन टक्क्यांचं सूत्र. यावर मला एकच गाडी पुढे करायची आहे. १९७८ साली शेव्हरोलेने कॉर्व्हेटची काळी-रुपेरी ‘पेस कार’ आवृत्ती काढली. पेस कार म्हणजे शर्यत सुरू होताना सगळ्यांच्या पुढे धावणारी गाडी, आणि इंडियानापोलिसच्या शर्यतीत त्या वर्षी कॉर्व्हेट पहिल्यांदाच पेस कार होती. वॉल स्ट्रीट जर्नलने मार्चमध्ये पहिल्या पानावर तिच्यावर लिहिलं आणि धावाधाव सुरू झाली. छापील किंमत १३,६५३ डॉलर, लोकांनी दुप्पट आणि त्याहून जास्त मोजले. प्लास्टिक न काढता, नंबर न घेता गाड्या गॅरेजमध्ये लोटल्या गेल्या. निघाल्या किती होत्या? ६,५०२. जपून ठेवलेल्या इतक्या झाल्या की आज त्या कॉर्व्हेटचं कमी मीटर ही दुर्मीळ गोष्टच राहिली नाही. महागाई धरली तर १९७८ चे ते १३,६५३ डॉलर आजच्या साठ हजारांच्या वर जातात. जवळजवळ कोऱ्या पेस कारसुद्धा सहसा त्याखालीच विकल्या जातात. पंचेचाळीस वर्षांचं गॅरेज आणि विमा यात धरलेलाच नाही.

याउलट, ज्या गाड्या लोकांनी खरोखर पिळून काढल्या, त्यांची कमी धावलेली प्रत महाग असते. होंडाची इंटेग्रा टाइप आर घ्या. तरुणांनी ती दामटवली, चोरांनी पळवली, उरलेल्यांत फेरफार झाले. म्हणून मूळ अवस्थेतली, थोडी धावलेली इंटेग्रा दिसली की बोली चढते. म्हणजे विचारायचं असतं ते ‘माझी किती धावली?’ एवढंच नव्हे, तर ‘माझ्यासारख्या किती उरल्या?’ हेही. मेसेजच्या सूत्रात या दुसऱ्या प्रश्नाला जागाच नाही.

शिवाय हा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. आठशे आणि आठ हजार किलोमीटर यांत फार मोठी दरी असते. बहात्तर हजार आणि ऐंशी हजार यांत जवळपास काहीच नसते. आणि अगदी कोऱ्या गाडीची एक गंमत आहे: तिच्यासाठी जादा पैसे मोजणारा माणूस ती चालवू शकत नाही, कारण प्रत्येक फेरीला तोच जादा भाव उडत जातो. असे खरेदीदार मोजकेच. लिलावाच्या दिवशी त्यातले दोघे हजर असले तर विक्रम, एकच असला तर निराशा.

किलोमीटरपेक्षा जड बाकीही बरंच असतं. फेरारी ५९९ जीटीबी हाताने गिअर टाकायच्या रूपात जगात जेमतेम तीसेक निघाली. तिचा भाव ऑटोमेटेड गिअरच्या तशाच गाडीपेक्षा कैक पटींनी जास्त असतो, मीटर काहीही म्हणो. हॉलिवूडचा अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनने पडद्यावर चालवलेली १९६८ ची हिरवी फोर्ड मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात लिलावात गेली. पासष्ट हजार मैलांच्या आसपास धावलेली, रंग उडालेला, गंज दिसणारा, एका कुटुंबाने काही वर्षं चक्क रोजच्या कामाला वापरलेली गाडी. शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलर आले. ही अपवादात्मक गाडी आहे, तिच्यावरून कुणी घरच्या गाडीचा भाव काढू नये. पण ‘किंमत मीटर ठरवतो’ असा नियम छातीठोकपणे सांगणाऱ्याने तिचं काय करायचं तेही सांगावं.

ज्यांचा हा रोजचा धंदा आहे ते कसं करतात पाहा. जुन्या गाड्यांचा विमा काढणाऱ्या हॅगर्टी कंपनीची किंमत-यादी अमेरिकेत विमावाल्यांपासून विक्रेत्यांपर्यंत सगळे उघडतात. तिच्यात गाड्यांच्या चार पायऱ्या आहेत, आणि त्या किलोमीटरच्या नाहीत, अवस्थेच्या आहेत. पहिली पायरी जगातल्या उत्तमांपैकी गाडीची, चौथी चालू पण उणिवा उघड दिसणाऱ्या गाडीची. आधी आपली गाडी प्रामाणिकपणे त्या पायरीवर ठेवायची (बहुतेक मालक एक पायरी वर ठेवतात). मग तेच मॉडेल, तेच वर्ष, तोच गिअरबॉक्स असलेल्या अलीकडे विकल्या गेलेल्या गाड्या शोधायच्या. कमी मीटरची बेरीज आणि राहिलेल्या देखभालीची वजाबाकी त्यानंतर.

‘विकल्या गेलेल्या’ म्हटलं, जाहिरात लावलेल्या नव्हे. सांगणाऱ्याचं काय जातं? सगळ्यात महाग जाहिरात बहुधा वर्षभर तशीच पडून असते आणि म्हणूनच तुम्हाला सापडते. ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ऑनलाइन लिलावांत जुन्या बोल्या उघड वाचता येतात, राखीव किमतीला (ज्याखाली मालक विकत नाही त्या आकड्याला) न पोचलेल्यासुद्धा. त्या फसलेल्या बोल्या जास्त शिकवतात. लिलावाचा छापून आलेला आकडा बहुधा खरेदीदाराच्या शुल्कासकट असतो, विकणाऱ्याच्या हाती त्याहून कमी पडतं.

दहा वर्षांत दुप्पट? जॅग्वार एक्सजे२२० ला विचारा. १९८८ मध्ये ती दाखवली आणि पुढे लोकांनी ५०,००० पौंड अनामत भरून रांग लावली. गाडी १९९२ मध्ये आली तोवर मंदी आली होती. बारा सिलिंडरच्या व्ही१२ इंजिनाच्या जागी सहा सिलिंडरचं व्ही६ आलं होतं. कित्येक खरेदीदारांनी गाडी नको म्हणत कोर्ट गाठलं. २८० च्या आसपासच निघाल्या आणि तरी त्यापुढे कित्येक वर्षं त्या मूळ किमतीच्या खूप खाली मिळत होत्या.

राहता राहिलं खोटं न बोलणारं मीटर. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा खात्याचा अंदाज आहे की तिथे दरवर्षी साडेचार लाखांहून जास्त गाड्या मीटर मागे फिरवून विकल्या जातात. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल काढली की गाडी धावते, आकडा थांबतो. पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो. म्हणून कमी आकड्याला कागदांची साखळी लागते: सर्व्हिस बुकातले शिक्के, तारीख आणि रीडिंग असलेली बिलं, ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या नोंदी, ज्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. साखळी तुटलेली असली की लिलाववाले यादीत ‘खरं मायलेज अज्ञात’ असं छापतात, आणि मग त्या दोन टक्क्यांना गुणायला आकडाच उरत नाही.