देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचा चेहरा

दर डिसेंबरला माझा आणि माझ्या मामेभावाचा एकदा तरी वाद होतोच, यंदा जरा जास्तच झाला. मी इथून, अमेरिकेतून, त्याला फोनवर सहज सांगत होते की आमच्या ऑफिसमधल्या एका बाईचं टायरचं बिल कुणीतरी परस्पर भरून टाकलं, दुकानवाल्यानं नाव सांगितलंच नाही, आणि ती तिथंच काउंटरला टेकून रडली. तर हा म्हणतो, "ताई, त्यांना दया यायला ख्रिसमस लागतो गं. वर्षातून पंधरा दिवस. आपल्याकडे दानधर्म बारा महिने चालतो, आणि गुप्तदान तर आपलंच. या हाताचं त्या हाताला कळू देऊ नये ही आपली संस्कृती." मग पाठोपाठ चर्च, आमिष, धर्मांतर असं सगळं ओळीनं आलं.

आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं मला फोटो पाठवला. कराडच्या बाजूला आमच्याकडे कारखान्यावर बीडकडून ऊसतोडीला टोळ्या येतात, त्यांना याच्या मंडळानं ब्लँकेटं वाटली त्याचा. मी तो फोटो मोठा करून बघितला. मागं कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पुढं एक म्हातारी, एक ब्लँकेट, आणि त्या एका ब्लँकेटला धरलेले सहा जणांचे हात. सहाही जण कॅमेऱ्याकडे बघतायत. पाठीमागच्या फ्लेक्सवर परत त्यांचेच फोटो, वर साहेबांचा मोठा. म्हातारी खाली मान घालून उभी आहे आणि तिचा हात ब्लँकेटला धड लागलेलाही नाही, कारण धरायला जागाच उरली नव्हती.

ब्लँकेट चांगलंच आहे, उसाच्या फडात पहाटेची थंडी काय असते ते मला माहितीय, आणि तो पोरगा मनापासून राबतो हेही माहितीय. पण आदल्या दिवशी मला गुप्तदान शिकवायचं आणि दुसऱ्या दिवशी हा फोटो, याचा मला राग आला आणि अजून तो गेलेला नाही.

आधी त्या पंधरा दिवसांचं बघू. दया सीझनची असते हा आरोप मला कळतच नाही. पाणपोई आपण चैत्रात घालतो, श्रावणात घालत नाही. वारीच्या वाटेवर लोक दारात उभे राहून वारकऱ्यांना भाकरी देतात, कुणी पाय चेपून देतं, कुणी फुकट चपला शिवून देतं, नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, समोरचा माणूस माउली, विषय संपला. तीही आषाढीच्या सुमारासच ना? ठरलेला काळ असला की हात सैल सुटतात, एरवी लाजणारा माणूसही पुढं होतो, आणि घेणाऱ्यालाही तेवढं अवघड वाटत नाही. हे जर वारीला चालतं तर डिसेंबरला का नाही चालत? आणि ते या हाताचं त्या हाताला जे तो मला ऐकवतो ते बायबलमध्येपण आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानात, ६व्या अध्यायात. चांगली गोष्ट दोन ठिकाणी सापडली तर आपलं काय कमी झालं?

मी राहते त्या कॅन्सस सिटीत डिसेंबर आला की लॅरी स्टुअर्टचं नाव निघतंच. अगदी शेवटच्या काही महिन्यांपर्यंत या माणसाचं नाव लोकांना माहीतच नव्हतं, नुसतं सीक्रेट सांता म्हणायचे. १९७१ मध्ये तो मिसिसिपीतल्या ह्यूस्टन नावाच्या छोट्या गावात होता, खिशात दमडी नाही, गाडीत झोपायचा. चर्चकडे मदत मागायला गेला तर सांगितलं की मदत देणारे आज गेले, उद्या या. भूक सहन होईना म्हणून एका साध्या हॉटेलात पोटभर नाश्ता केला आणि बिलाच्या वेळी पाकीट हरवल्यासारखं करायला लागला. हॉटेलमालक काउंटरमागून आला, त्याच्या स्टुलाखाली वाकला आणि २० डॉलरची नोट वर काढून म्हणाला की तुझी पडलेली दिसतेय. स्टुअर्टला नंतर लक्षात आलं की नोट त्या मालकाचीच होती.

मला त्या २० डॉलरपेक्षा त्याचं वाकणं मोठं वाटतं. त्या माणसानं पैसे दिलेच, पण त्याआधी समोरच्याला भिकारी होण्यापासून वाचवलं. नोट तुझीच आहे, तुझ्याच खिशातून पडलीय, मी फक्त उचलून देतोय. यापेक्षा गुप्त काय असणार?

पुढं १९७९ च्या डिसेंबरमध्ये याच स्टुअर्टची नोकरी गेली, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ख्रिसमसच्या तोंडावर. एका ड्राइव्ह-इनवर, म्हणजे गाडीत बसूनच खायच्या हॉटेलात, पातळ जॅकेट घालून थंडीत लोकांच्या ऑर्डरी पोचवत फिरणारी बाई दिसली, तिला त्यानं २० डॉलर दिले आणि सुट्टे राहू दे म्हणाला. तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. नंतर केबल टीव्ही आणि लाँग डिस्टन्स फोनच्या धंद्यात त्यानं भरपूर कमावलं आणि दर डिसेंबरला तो लाँड्रोमॅटमध्ये (नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात), स्वस्तातल्या दुकानांत, बसस्टॉपवर अनोळखी लोकांच्या हातात १०० डॉलरच्या नोटा ठेवत राहिला. २६ वर्षांत साधारण १३ लाख डॉलर वाटले. नाव सांगितलं ते २००६ च्या नोव्हेंबरमध्ये, तेव्हा कॅन्सर झालेला होता आणि एक टॅब्लॉइड नाव फोडणारच होतं. २००७ च्या जानेवारीत गेला. रोख का देतो यावर तो म्हणायचा की लोकांना भीक मागावी लागू नये, रांगेत उभं राहावं लागू नये, अर्ज करावा लागू नये. ब्लँकेट वाटपाचा तो फोटो बघताना मला नेमकं हेच आठवत होतं.

ग्रोसरीच्या दारात केटल, म्हणजे दानाचं भांडं, लावून घंटी वाजवणारे साल्व्हेशन आर्मीवाले, ते तर चर्चच आहे आणि ते लपवतही नाहीत. १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली ती केटल. तिच्यात १९८२ मध्ये इलिनॉयमधल्या क्रिस्टल लेकला कुणीतरी सोन्याचं नाणं टाकलं, आणि तेव्हापासून वेगवेगळ्या गावांत दरवर्षी अशी नाणी पडत आलीत, कधीकधी एक डॉलरच्या नोटेत गुंडाळून, म्हणजे टाकताना बाजूच्यालाही दिसू नये. आमिष दाखवायचं असतं तर नाणं टाकणाऱ्यांनी निदान नाव तरी लिहिलं असतं. आपल्या मंदिरांच्या हुंडीतही असं निनावी सोनं पडतं, तेही मी भावाला सांगितलं, कारण मला आपल्या लोकांना कमी लेखायचं नाहीये. तो समजतो की मी अमेरिकेची वकिली करते. मी त्या म्हातारीची वकिली करतेय.

आणि मला हे एवढं का लागतं ते सांगते. एका डिसेंबरमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. एच-वनबीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर सामान बांधायचं. मी तेव्हा एच-फोरवर, म्हणजे त्याच्या बायकोच्या व्हिसावर, मला कामाची परवानगी नाही, मुलगी लहान, आणि घरी आईला कळवायचं नाही असं आमचं ठरलेलं. एका सकाळी पोर्चवर पिशवी. आत ग्रोसरीची गिफ्ट कार्डं आणि मुलीसाठी जाड जांभळं जॅकेट, बरोबर तिच्या मापाचं, म्हणजे तिला बघितलेल्याच कुणीतरी आणलेलं. बरोबर मोजेसुद्धा. चिठ्ठी नाही, पत्रक नाही, चर्चचं नाव नाही, येशूचं वचन नाही. मी ती पिशवी दोनदा उलटी करून झटकली, काहीच निघालं नाही.

कोण असेल हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की लायब्ररीतली बाई, प्रीस्कूलची टीचर, समोरचे म्हातारे आजोबा जे कुत्रं फिरवताना हात हलवायचे पण कधी बोलायचे नाहीत, या सगळ्यांकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले, कारण यांच्यातलं कुणीही असू शकतं. दिलेल्याचं नाव कळलं असतं तर मी त्या एका घरी डबा घेऊन गेले असते आणि हिशोब फिटला असता. नाव नाही म्हणून अख्खी गल्लीच माझी झाली. इथं आल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की आपण या रस्त्यावर नुसते भाडं भरून राहत नाही, आपली मुलगी थंडीत कशी फिरतेय हे कुणीतरी बघतंय.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवते. माझ्या कॉलेजची शेवटच्या वर्षाची फी आमच्या एका नातेवाईकांनी भरली. मोठीच मदत होती, नाही म्हणत नाही. पण माझ्या साखरपुड्यात, भावाच्या लग्नात, वडिलांच्या तेराव्यालासुद्धा, "हिची फी मी भरली म्हणून ही आज अमेरिकेत" हे वाक्य मी ऐकलंय. वडील प्रत्येक वेळी हात जोडायचे. त्यांनी ते पैसे केव्हाच परत दिले होते, तरी हात जोडणं शेवटपर्यंत सुटलं नाही. मिंधेपण ज्याला म्हणतात ते मी माझ्या वडिलांच्या मानेत बघितलंय, म्हणून त्या फोटोतली खाली घातलेली मान मला बघवत नाही. गुप्तदानात देणाऱ्याला किती पुण्य लागतं यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, घेणाऱ्याची मान वर राहते यावर कुणी बोलत नाही.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मी कधीच म्हणत नाही. डिसेंबरमध्येच बातम्या येतात की अमक्या शाळेतल्या मुलांची जेवणाची उधारी कुणा अनोळखी माणसानं फेडली. लोक टाळ्या वाजवतात. मला तेव्हा टाळी वाजवता येत नाही. शाळेत जेवल्याची उधारी लहान मुलाच्या नावावर चढते कशी? आपल्याकडे सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये सरकारी शाळांत शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, आमच्या झेडपीच्या शाळेत पोरं खिचडी खातात आणि बिल कुणालाच येत नाही. हे मी इथल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या गप्प होतात आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटतं. भावानं माझ्याशी भांडायचं तर हे घेऊन भांडावं, त्या धर्मांतराच्या रेकॉर्डमध्ये काही दम नाही.

लेअवेचं असंच. लेअवे म्हणजे वस्तू दुकानातच बाजूला ठेवायची, हप्ते भरत राहायचं आणि सगळे फिटले की घरी न्यायची. २०११ च्या डिसेंबरमध्ये देशभर केमार्टच्या दुकानांत अनोळखी लोक येऊन दुसऱ्यांचे लेअवेचे हप्ते भरून जायला लागले, मुलांची खेळणी, कपडे, हप्ते थकलेले. इंडियानापोलिसला एका बाईनं कितीतरी जणांचे भरले. तिचा नवरा नुकताच गेला होता. तिनं स्वतःचं नाव सांगितलं नाही, पण नवऱ्याचं पहिलं नाव सांगून गेली, त्याची आठवण ठेवा म्हणाली. हे वाचलं तेव्हा मला आपल्या देवळांतल्या पायऱ्या आठवल्या, प्रत्येक पायरीवर कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ. फरशीवरच्या नावांना आम्ही परदेशातले लोक लगेच नाक मुरडतो, पण त्या बाईला आणि पायरी घालणाऱ्याला एकच गोष्ट हवी होती, गेलेल्या माणसाचं नाव अजून कुणाच्यातरी तोंडात राहावं. फ्लेक्सवरच्या जिवंत साहेबांचं आणि याचं काही नातं नाही.

कारण पाटी मीपण लावलीय. आई गेल्यावर गावच्या शाळेत पाण्याचा फिल्टर बसवला, त्यावर आईच्या नावाची पाटी आहे आणि खाली माझं नाव आहे. माहेरचं आडनाव घालायला मी मुद्दाम सांगितलं, कारण सासरच्या आडनावानं त्या गावात मला कुणी ओळखत नाही. इथं मी पोर्चवर पिशव्या ठेवून येते, एंजल ट्रीवरची, म्हणजे गरजू मुलांना काय हवंय ते लिहून ख्रिसमसच्या झाडावर टांगलेली चिठ्ठी उचलते, कुणाला कळत नाही आणि कळावंसं वाटतही नाही. इथं निनावी राहणं मला सोपं जातं, इथं कुणी मला विसरेल अशी भीतीच नाही, कारण लक्षात ठेवण्याइतकं कुणी मला ओळखतच नाही. गावात मात्र मला निनावी व्हायची भीती वाटते. वडील नाहीत, आई नाही, घराला कुलूप आहे. पाणी पिताना एखाद्या पोरानं ती पाटी वाचावी आणि घरी जाऊन विचारावं की ही कोण, आणि त्याच्या आजीनं सांगावं की अरे ती खालच्या आळीतली, एवढं मला हवंय. मी ती पाटी काढणार नाही. पण त्या पाटीखाली उभं करून कुठल्या पोराचा पाणी पितानाचा फोटो मी काढलेला नाही आणि कुणाला काढूही देणार नाही.

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुझं पटतंय, पण फोटो नसला तर वर्गणी देणारे विचारतात पैसे गेले कुठं. मागं असंच तोंडावर विचारलंय मला." त्याचंही खोटं नाही. मी म्हटलं, गठ्ठ्याचा फोटो काढ, दुकानाचं बिल जोड, टोळीच्या मुकादमाची सही घे. तर म्हणे मुकादमाच्या हातात दिली तर निम्मी ब्लँकेटं तोच दाबेल. मग शेवटी असं ठरलं की पुढच्या वेळी दोघा-तिघांनीच जायचं, संध्याकाळी टोळी फडावरून परत आली की कोपीकोपीत जाऊन द्यायची, स्टेज नको, माइक नको. पैसे मी पाठवलेत आणि यादीत माझं नाव नको असं सांगितलंय, तेवढं तो ऐकेल. फ्लेक्सचं मात्र त्याच्या हातात नाही म्हणाला, तो साहेब स्वतःच्या खर्चानं छापतात. त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे.