हायकोर्ट मध्ये कशाला पडतं?

आज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर एका दादांचा मेसेज आला. ‘घुसखोर दिसला की उचला आणि सीमेपलीकडे सोडा. हायकोर्ट मध्ये कशाला पडतं?’ खाली धडाधड अंगठे. अंगठे देणारे सगळे ओळखीचे, दिवाळीला फराळाला येणारे. दिवसभर शाळेत लक्ष लागलं नाही, म्हणून लिहितेय.

शेजारच्या चाची सिंधमधून जळगावला आल्या तेव्हा मी सहावीत होते. अजून नागरिकत्व नाही. दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे, तो संपत आला की कागदांची थप्पी घेऊन कार्यालयात जायचं. कितीदा तरी मीच स्कूटीवर मागे बसवून नेलंय. कधी फोटोचा साइज चुकला, कधी साहेब मीटिंगमध्ये. चाची बाकावर बसून राहतात, पाणीसुद्धा मागत नाहीत.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम झालं आणि टीव्हीवर पट्टी आली, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द. रात्री त्यांच्याकडे गेले तर दाराशी बॅग भरून ठेवलेली. तीन ड्रेस, बीपीच्या गोळ्या, नातीचा फोटो आणि पेपरात गुंडाळलेल्या बिबड्या, आपले ज्वारीचे पापड. ‘तिकडे कुठे मिळणार गं,’ म्हणाल्या. नोटीस नाही, पोलीस नाही, नुसत्या बातमीने ही बाई बॅग भरून बसली होती. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम आहेत, हा खुलासा कळल्यावर त्या देवघरासमोर बसून खूप रडल्या.

त्याच आठवड्यात जम्मूतल्या एका ६२ वर्षांच्या बाईला अटारीहून पलीकडे पाठवलं. नवरा भारतीय, ३८ वर्षांचा संसार इथला, दीर्घ मुदतीचा व्हिसा वाढवायचा अर्ज जानेवारीतच दिलेला. पण ती मुसलमान. चाचींना खुलाशातल्या एका ओळीने वाचवलं, हिच्यासाठी ती ओळ नव्हती. हिच्यासाठी बोललं ते जम्मू-काश्मीर हायकोर्ट. जूनमध्ये त्यांनी सरकारला सांगितलं, दहा दिवसांत परत आणा. आणि तुम्ही विचारता, मध्ये कशाला पडतं?

पश्चिम बंगालमधल्या बीरभूमची ती गरोदर बाई आठवते? दिल्लीत कचरा वेचून पोट भरणारं कुटुंब. २०२५ च्या जूनमध्ये पकडलं आणि दोनच दिवसांत नवरा-मुलासकट बांगलादेशात ढकललं. गृहखात्याचाच २ मेचा आदेश होता की मूळ राज्याकडून पडताळणी करून घ्या, त्यासाठी ३० दिवस ठेवलेले. तेवढंही थांबले नाहीत. तिच्या बापाने कलकत्ता हायकोर्टात याचिका केली, कोर्टाने सप्टेंबरमध्ये हद्दपारी रद्द करून चार आठवड्यांत परत आणायला सांगितलं. केंद्र सुप्रीम कोर्टात गेलं. आई आणि मुलगा आले डिसेंबरात! एवढे महिने त्या लेकराने काय पाहिलं असेल?

हो, परक्या माणसाला बाहेर काढायचा हक्क सरकारला आहे, सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्येच सांगितलंय. आधार कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही, हे मुंबई हायकोर्टाचं म्हणणंही मान्य. आणि हायकोर्टंही चुकतात. आसामातल्या एका माणसाला परदेशी ठरवलं ते गुवाहाटी हायकोर्टाने कायम ठेवलं होतं. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये ते खोडलं आणि बजावलं की हाताशी काही आधार असल्याशिवाय कुणालाही उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येत नाही, नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकावरून तर नाहीच. पण तोवर तो माणूस वारला होता.

स्पेलिंग! अरे, आपल्या घरातले कागद काढा आधी. माझ्या वडिलांचं नाव सातबाऱ्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. जन्मतारीख १ जून, कारण गुरुजींनी शाळेत टाकली ती. अर्ध्या खान्देशच्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनलाच येतो. आपली किती माणसं सुरतेला उधना-लिंबायतमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहतात. उद्या तिथे कुणी म्हणालं, तू इथला कशावरून? परदेशी लोकांसाठीच्या १९४६ च्या कायद्यात हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच होतं, १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला, त्यातही त्याच्यावरच आहे. कायद्याने ओझं तुमच्या डोक्यावर दिलं की ते उतरवून ठेवायला हायकोर्टाची पायरीच उरते. आपल्याला तर तीही औरंगाबादला, नंदुरबारहून जायचं म्हटलं तर अख्खा दिवस.

मला एवढंच हवंय की पाठवायच्या आधी ऐकून घ्या. नोटीस द्या, कागद बघा, चार दिवस द्या. सीमा ओलांडल्यावर मिळालेला निकाल घेऊन ती बाई काय करणार?

मघाशी चिडून लिहायला बसले होते, आता राग ओसरलाय. दादा, तुमच्याशी भांडण नाही. माझ्या बाळंतपणात तुम्हीच रात्री गाडी काढली होती. पण चाचींचा मुलगा या ग्रुपमध्ये आहे. तुमचा मेसेज त्याने सकाळी सव्वानऊला वाचलाय, मला दिसतंय. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. ती बॅग त्यांनी माळ्यावरून पुन्हा खाली काढली आहे.