हवामानतज्ज्ञ व्हायचंय? या, बसा

मंगळवारी संध्याकाळी आमच्या गच्चीच्या पायपातून लाल पाणी पडत होतं. ते का, हे पुढं येईलच. आधी तुमचं भलं बघू. जोतिबाची यात्रा झाली, वळवाचे दिवस आले, म्हणजे घरबसल्या 'येत्या आठवड्याचं हवामान' सांगायचा हाच मोसम. भांडवल लागत नाही. मोबाईल आणि रिकामी दुपार असली की झालं.

सगळ्यात आधी, अंदाजावर तारीख घालायची नाही. 'येत्या आठवड्यात' एवढंच लिहा. येता आठवडा दर आठवड्याला येतो, त्यामुळं एकदा लिहिलेला मजकूर दोन-तीन उन्हाळे आरामात पुरतो.

घाम आला की 'उष्णतेची लाट' म्हणून टाका. हवामान खात्याचं काहीतरी किचकट आहे: सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश पाहिजे, शिवाय ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त पाहिजे, मग लाट. आपल्याला एवढा दम कुठला? मोबाईलवर 'जाणवणारं तापमान' म्हणून एक मोठा आकडा येतो, तोच खरा धरा. तेवढ्यानं भागलं नाही तर गाडी बिंदू चौकात तासभर उन्हात लावा आणि आत दिसेल त्या आकड्याचा फोटो काढून पाठवा. सोबत रडका चेहरा.

वीज कडाडायला लागली की आडोशाला जाऊ नका, झाडाखाली उभं राहून व्हिडिओ काढा. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेनं 'दामिनी' ॲप काढलंय, जवळपास वीज पडायचा धोका असला की ते सांगतं. पण त्याला लाईक कुठं मिळतात?

आता खात्याच्या इशाऱ्यांचे रंग. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. इतकं सोपं ठेवलं तर आपल्याला कोण विचारणार? म्हणून पिवळा दिसला की 'कोल्हापूरला रेड अलर्ट, पुढचे ४८ तास घराबाहेर पडू नका' असं लिहायचं. खाली 'जनहितार्थ'.

आणि एक शब्द मात्र दिसेल तिथं खोडून टाकायचा: 'तुरळक ठिकाणी'. खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव ठिकाणी पाऊस. त्याच्या वर 'काही ठिकाणी', मग 'बऱ्याच ठिकाणी', अशी चढती भाजणी आहे. म्हणजे अंदाज अख्ख्या जिल्ह्याला असला, तरी वळीव गगनबावड्यात कोसळेल आणि शिरोळला नुसती धूळ उडेल. राजारामपुरीत गारा पडतील आणि रंकाळ्यावर माणसं भेळ खात बसलेली असतील. वळवाचा स्वभावच तो. सकाळभर ऊन तापतं, समुद्राकडची दमट हवा आत आलेली असते, दुपारी ती वर चढते, तीन-चारच्या सुमाराला ढगांचे मनोरे उभे राहतात आणि तासाभरात सगळं संपतं. कुठल्या गल्लीवर संपणार, हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तर खातं 'पुढच्या तीन तासांत' असा वेगळा इशारा काढतं. पण तुम्ही तो शब्द खोडा. खोडला की दोनच अंदाज उरतात, 'पाऊस येणार' आणि 'पाऊस येणार नाही'.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरच्या एका ज्येष्ठ काकांना ही विद्या पूर्ण अवगत आहे. शनिवारी त्यांनी 'महाभयंकर वादळ' पाठवलं. आईनं वर्षाच्या चटणीसाठी आणलेल्या मिरच्या, ब्याडगी आणि संकेश्वरी मिळून सात किलो, पोत्यातच ठेवल्या. शनिवार, रविवार, सोमवार खणखणीत ऊन. पान हललं नाही. सोमवारी रात्री काकांचा दुसरा मजकूर: 'आठवडाभर कडक ऊन, पावसाची शक्यता शून्य, भगिनींनी वाळवणं उरकून घ्यावीत.' मंगळवारी आईनं गच्चीवर जुनी लुगडी अंथरली, देठं खुडत मिरच्या पसरल्या. दुपारी तिला जरा डोळा लागला. चारला शिरोलीच्या अंगाला आभाळ काळंठिक्कर झालं, वारा सुटला, लाईट गेली (ती जाणारच), आणि मी जिन्यातून वर पोचेपर्यंत टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले होते. लुगड्याची चार टोकं धरायला माणसं दोन. अर्ध्या मिरच्या गच्चीभर तरंगत होत्या, बिया सुटून पायपाच्या तोंडाशी जमल्या होत्या. आई काही बोलली नाही. बसून एकेक मिरची फडक्यानं पुसत राहिली.

मग ग्रुप उघडला. तीन तासांचा इशारा दोन वाजताच आला होता हो! मेघगर्जना, सोसाट्याचा वारा, सगळं लिहिलेलं. कुणीतरी टाकलाही होता, पण त्याच्यावर लग्नाच्या पंगतीचे फोटो, कुणाचा तरी वाढदिवस आणि एका आंबेवाल्याचा नंबर. काकांना जिन्यात गाठलं. म्हणाले, "अहो, वळीव हाय तो. सांगून येतोय होय?"

मग शून्य टक्के कशाला सांगितलंत? कुणी विचारलं होतं तुम्हाला? आणि तो मजकूर नीट वाचला तर त्यात चक्क 'दिवाळीनंतरच्या या कोरड्या हवेत' असं लिहिलंय! एप्रिलात दिवाळी? पाठवायच्या आधी एकदा तरी वाचा की राव! तुम्हीही, जे आत्ता मान डोलावून हसताय ना, तुम्हीसुद्धा तोच मजकूर तीन ग्रुपांवर ढकललेला असणार. खाली तारीख नाही, कुठल्या जिल्ह्याचा ते नाही, पाठवणारा कोण ते नाही, तरी अंगठा आवरत नाही. शेतात काढून ठेवलेला कांदा असतो लोकांचा, विटा असतात, मांडव घातलेले असतात. तुमच्या दोन ओळींवर विश्वास ठेवून माणसं ताडपत्री गुंडाळून ठेवतात.

संकेश्वरी बरीचशी वाचली. ब्याडगीला बुरशी आली, टाकून दिली. उरलेली उद्या पुन्हा गच्चीवर घालणार आहे, मी स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसणार आहे. कृपा करून उद्या कुणी काही पाठवू नका.