आधी मोजा, मग आकडे वाढवा!

लातूरच्या आमच्या लॅबमधली 40 मशीन एकाच एनएफएस सर्व्हरवर, म्हणजे नेटवर्कवरून फाईली पुरवणाऱ्या मशीनवर, चालतात. कुठं फाईल उघडायला वेळ लागला की झालं, "थ्रेड वाढवा!" (थ्रेड म्हणजे फाईलच्या मागण्या हाताळणारे कामगार.) 8 चे 64 केले, 64 चे 256. अरे, पण एनएफएसडीचे, म्हणजे एनएफएस सेवेचे, थ्रेड सर्व्हरवर असतात, क्लायंटवर, म्हणजे फाईल मागणाऱ्या मशीनवर, नाही! किती वेळा सांगायचं? रांग क्लायंटवर लागत असेल तर एनकनेक्ट हा माउंटचा पर्याय वापरून बघा ना. 2019 च्या लिनक्स 5.3 कर्नलपासून आहे ते. सर्व्हरशी एका टीसीपी जोडणीऐवजी 16 पर्यंत जोडण्या मिळतात. पण सर्व्हर जोडायच्या माउंटच्या ओळीकडं बघायचं कुणी?

काल रात्री 11 ला परत फोन. गेलो. एनएफएसचा वेग मोजणारं एनएफएसआयओस्टॅट लावलं, तर आरटीटी, म्हणजे मागणी जाऊन उत्तर यायचा वेळ, नुसता फुगलेला. स्विचपाशी वाकलो. केबलची क्लिप तुटलेली, पिन धड टेकत नव्हती, आणि पोर्ट 1000 ऐवजी 100 एमबीपीएसवर! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बोअर आटलं की मोठी मोटार बसवून पाणी लागतं का? मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगावं लागतं?

केबल बदलली, सगळं सुरळीत. सकाळी येऊन बघतो तर थ्रेड 512! कुणी केले? काय मोजून केले?